चंद्रपूर-गडचिरोलीचे नऊ आमदार: यात आपण कुठे आहोत?

येत्या 16 ऑक्टोबरला आपण चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर पुन्हा जमू. नागपूरनंतर दोनच दिवसांनी, 1956 साली, बाबासाहेबांनी या मातीत धम्मदीक्षा दिली. दरवर्षीप्रमाणे यंदाही मैदानाच्या रस्त्यावर लोकप्रतिनिधींच्या शुभेच्छांचे फलक लागतील. त्या फलकांवरचे चेहरे नीट ओळखून घेण्याची ही वेळ आहे. विधानसभेच्या निकालाला 23 नोव्हेंबर 2025 ला वर्ष पूर्ण झालं.

आधी निकाल आठवू. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सहापैकी पाच जागा भाजपने घेतल्या. चंद्रपूरमधून किशोर जोरगेवार, बल्लारपूरमधून सुधीर मुनगंटीवार, राजुऱ्यातून देवराव भोंगळे, वरोऱ्यातून करण देवतळे, चिमूरमधून बंटी भांगडिया. ब्रह्मपुरी तेवढी काँग्रेसच्या विजय वडेट्टीवारांनी राखली. गडचिरोलीत तिन्ही जागा अनुसूचित जमातीसाठी राखीव. तिथे गडचिरोलीतून भाजपचे डॉ. मिलिंद नरोटे, आरमोरीतून काँग्रेसचे रामदास मसराम आणि अहेरीतून अजित पवार गटाचे धर्मरावबाबा आत्राम निवडून आले. 2019 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात भाजपकडे दोनच जागा होत्या आणि काँग्रेसकडे तीन. म्हणजे आकडे पूर्ण फिरले. राज्यात भाजप एकटाच 132 वर गेला.

या नऊ जणांत बौद्ध एकही नाही. महिलाही एकही नाही.

हे वाचून कुणी म्हणेल, जात-धर्म कशाला मोजता, काम बघा. बघू या, काम बघायलाच हा लेख आहे. पण ज्या जिल्ह्याने बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे दिले, जे 1969 ते 1972 या काळात राज्यसभेचे उपसभापती होते, त्या जिल्ह्यात आज आपल्या चळवळीचा माणूस विधानसभेच्या दारापर्यंतही पोहोचत नसेल, तर ती मोजणी केलीच पाहिजे.

आता मूळ प्रश्न. 4 जून 2024 ला याच चंद्रपूरने प्रतिभा धानोरकरांना 2 लाख 60 हजारांहून अधिक मतांनी निवडून दिलं. समोर मुनगंटीवार होते, राज्याचे वजनदार मंत्री, आणि ते स्वतःच्या बल्लारपूरमध्येही मागे पडले. गडचिरोली-चिमूरमध्ये डॉ. नामदेव किरसान यांनी अशोक नेते यांना 1 लाख 40 हजारांवर मतांनी हरवलं. साडेपाच महिन्यांत असं काय झालं की तोच मतदार पाच ठिकाणी कमळाकडे गेला?

लोकसभेत संविधानाचा प्रश्न होता. 'चारशे पार'चा अर्थ आपल्या वस्त्यांनी स्वतः लावला, त्यासाठी कुणा नेत्याची गरज पडली नाही. 2019 मध्ये चंद्रपूर लोकसभेत वंचित बहुजन आघाडीला 1 लाख 12 हजार मतं होती. 2024 मध्ये ती 22 हजारांच्या आसपास उरली. उरलेली मतं कुठे गेली हे सांगायला ज्योतिषी नको. आपल्या समाजाने पक्ष बाजूला ठेवून मत दिलं, आणि मोबदल्यात काही मागितलं नाही. चूक इथेच झाली, असं आम्हाला वाटतं. मत देण्यात चूक नव्हती, न मागण्यात होती. जे मत फुकट मिळतं, ते पुढच्या वेळी गृहीत धरलं जातं.

विधानसभेला काँग्रेसने नेमकं तेच केलं. तिकिटं घरात वाटली गेली. वरोऱ्यात खासदारांच्या भावाला उमेदवारी मिळाली आणि पक्ष तिसऱ्या क्रमांकावर फेकला गेला. जिल्ह्यातले दोन मोठे नेते एकमेकांचे पाय ओढत राहिले. राजुऱ्यात भाजपचे भोंगळे जेमतेम 3 हजार मतांनी जिंकले, काँग्रेसचे सुभाष धोटे हरले, आणि शेतकरी संघटनेचे वामनराव चटप 50 हजारांहून अधिक मतं घेऊन तिसरे राहिले. म्हणजे तिथे भाजपच्या विरोधातली मतं भाजपपेक्षा कितीतरी जास्त होती, ती फक्त एका जागी नव्हती.

राजुऱ्याची आणखी एक गोष्ट आपल्या कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावी. ऑक्टोबर 2024 मध्ये तिथे मतदार नोंदणीचे साडेसहा हजारांहून अधिक ऑनलाइन अर्ज बनावट निघाले आणि राजुरा पोलिसांत गुन्हा दाखल झाला. सप्टेंबर 2025 मध्ये राहुल गांधींनी दिल्लीत पत्रकार परिषदेत याच राजुऱ्याचं नाव घेतलं. ते अर्ज वेळीच नाकारले, यादीत ती नावं आलीच नाहीत, असं निवडणूक यंत्रणेचं म्हणणं आहे. कोण खरं ते तपासात ठरेल. पण 3 हजारांच्या फरकाने आमदार ठरणाऱ्या मतदारसंघात साडेसहा हजार बनावट अर्ज कुणी आणि कशासाठी केले, हे वर्षभरानंतरही जनतेला माहीत नसेल, तर संशय राहणारच.

आता चंद्रपूर शहराकडे येऊ, कारण ही अनुसूचित जातीसाठी राखीव जागा आहे. पुनर्रचनेनंतर 2009 पासून ती राखीव झाली आणि म्हणूनच इथून तीनदा निवडून आलेले मुनगंटीवार बल्लारपूरला गेले. जोरगेवार हे बुरडकाम करणाऱ्या घरातले. त्यांच्या आई, ज्यांना शहर अम्मा म्हणून ओळखतं, बांबूच्या टोपल्या विकत. या कष्टाबद्दल आम्हाला आदरच आहे. 2019 मध्ये जोरगेवार अपक्ष उभे राहिले आणि भाजपच्या आमदाराला 72 हजारांच्या फरकाने हरवून आले. तेव्हा त्यांना 1 लाख 17 हजार मतं होती. 2024 मध्ये, अर्ज भरण्याच्या तोंडावर, मुनगंटीवारांचा विरोध असताना ते भाजपमध्ये आले. निवडूनही आले, पण मतं 1 लाख 7 हजारांच्या आसपास आणि फरक 22 हजारांवर. पाच वर्षांपूर्वी इथे 15 हजारांच्या आत असलेली काँग्रेस 84 हजारांवर गेली.

हे आकडे पुन्हा वाचा. माणूस तोच, आता सोबत देशातला सर्वात मोठा पक्ष, सत्ता, यंत्रणा. तरी एकट्याने मिळवली त्यापेक्षा मतं कमी. बंडखोरीमुळे काही हजार मतं गेली असतील. पण शहरातल्या ज्या वस्त्यांनी त्यांना 2019 मध्ये भाजपविरोधी म्हणून डोक्यावर घेतलं होतं, त्यातल्या अनेक वस्त्या कमळ दिसताच मागे फिरल्या, असाच याचा अर्थ आम्ही लावतो. पाच जागांच्या गुलालात हे कुणी बोललं नाही. आपणही बोललो नाही, कारण हरलेल्या बाजूचा हिशोब करायला कुणाला आवडत नाही.

राखीव जागांवर भाजप कोणाला उभं करतो, याकडेही डोळसपणे पाहायला हवं. बौद्ध मत आपलं होणार नाही हे त्यांनी मनाशी ठरवलं आहे आणि अनुसूचित जातींतल्या इतर समाजांशी ते वेगळं बोलतात. 1 ऑगस्ट 2024 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या उपवर्गीकरणाच्या निकालानंतर, निवडणुकीच्या तोंडावरच, राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती अनंत बदर यांची समिती नेमली. तिचा अहवाल आल्यावर बुरूड, मांग, चांभार, वाल्मीकी या भावंडांशी आपलं नातं काय राहील? याचं उत्तर फेसबुकवरच्या भांडणातून मिळणार नाही. त्यांच्या मोहल्ल्यात जाऊन बसावं लागेल. ते काम भाजपच्या कार्यकर्त्याने आपल्या आधी केलं, हे मान्य करायला जड जातं, पण ते खरं आहे.

'लाडकी बहीण'बद्दल थोडंच. पंधराशे रुपयांसाठी मत विकलं, अशा पोस्ट आपल्याच तरुणांनी फिरवल्या. त्यांनी आपल्या आईला विचारून पाहावं. तेंदूपत्त्याचा हंगाम संपल्यावर आणि धानाची रोवणी आटोपल्यावर जिच्या हाती काही राहत नाही, तिला खात्यात आलेले पैसे हक्काचे वाटले तर तिचं काय चुकलं? प्रश्न वेगळा आहे. ते पैसे कुठून आले? या योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचा चारशे कोटींहून अधिक निधी वळवला, म्हणून खुद्द त्या खात्याचे मंत्री संजय शिरसाट यांनी मे 2025 मध्ये जाहीर नाराजी व्यक्त केली. तो निधी म्हणजे आपली वसतिगृहं, आपली शिष्यवृत्ती. आईच्या खात्यात आलेले पैसे मुलीच्या वसतिगृहातून कापले जात असतील, तर हे आमदारांना विचारायचं की आईला?

आता या नव्या आमदारांकडे काय मागायचं? भोंगळे, देवतळे, नरोटे, मसराम हे चौघं पहिल्यांदाच विधानसभेत गेले आहेत. भोंगळे जिल्हा परिषदेचे अध्यक्ष राहिलेले, देवतळे माजी मंत्र्यांचे चिरंजीव, नरोटे पेशाने डॉक्टर, पक्षाने विद्यमान आमदाराचं तिकीट कापून आणलेले. नव्या माणसाला जुन्या सबबी सांगता येत नाहीत, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून व्हावी. शिवाय चंद्रपूरला मंत्रिपद नाही. मुनगंटीवारांना डावललं गेलं आणि पालकमंत्री बाहेरचे, डॉ. अशोक उईके. गडचिरोलीचं पालकमंत्रिपद मुख्यमंत्री फडणवीसांनी स्वतःकडे ठेवलं आहे. त्यांच्या भाषणात गडचिरोली म्हणजे सुरजागडचं लोहखनिज आणि 'स्टील हब'. त्या हबमध्ये धानोरा, कुरखेडा, चामोर्शीच्या गावांतला बौद्ध तरुण कोणत्या कामावर लागणार, चौकीदारीवर की त्याहून वर, हे विचारणारा माणूस सभागृहात दिसत नाही.

वनहक्काचा प्रश्न तर आपल्याच माणसांनी सोडून दिला आहे. 2006 च्या कायद्यात आदिवासींना 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. आपण 'इतर पारंपरिक वननिवासी'. आपल्याला तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. ज्या समाजाला गावाच्या कडेला ठेवलं, ज्याच्या नावे सातबारा नव्हता, त्याने 75 वर्षांचा कागद कुठून आणायचा? त्यामुळे आपले दावे मोठ्या संख्येने फेटाळले गेले. पण नियम 13 मध्ये गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब, निस्तार पत्रकासारख्या जुन्या नोंदी पुरावा म्हणून चालतात. फेटाळलेल्या दाव्यांची फेरतपासणी व्हावी, ही मागणी घेऊन आदिवासी ग्रामसभांसोबत उभं राहता येतं. मेंढा-लेखाने 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला, तेव्हा आपण कुठे होतो, हेही एकदा स्वतःला विचारावं.

त्यातच 22 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल ही वनजमीनच असल्याचा निकाल दिला. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांतल्या 86 हजार हेक्टरांवर जमिनीचा हा प्रश्न आहे. 12 डिसेंबर 1996 पूर्वीच्या वापराला संरक्षणाची वाट आहे, नंतरच्या वाटपाची चौकशी होईल. आपल्या किती वस्त्या, किती विहारं, किती समाजमंदिरं झुडपी जंगलाच्या सर्व्हे नंबरवर उभी आहेत? तहसीलमध्ये जाऊन ही यादी काढणं एका तरुण मंडळाला आठवड्याचं काम आहे. यादी हातात असेल तर आमदाराला निवेदन देताना फोटोपेक्षा जास्त काही मिळतं.

आणि जनसुरक्षा विधेयक. विधानसभेत 10 जुलै 2025 ला ते आवाजी मतदानाने मंजूर झालं. माकपच्या विनोद निकोले यांनी ठाम विरोध नोंदवला, बाकीचे बाक जवळजवळ गप्प होते. गडचिरोलीत निळा झेंडा घेऊन खाणीविरुद्ध बोलणाऱ्याला लाल ठरवायला किती वेळ लागतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. ज्यांना संविधान वाचवायला मत दिलं, ते त्या दिवशी का बसून राहिले, हा प्रश्न काँग्रेसच्या आमदारांनाही तितकाच आहे. याआधी 15 डिसेंबर 2024 ला नागपुरात 39 मंत्री शपथ घेत होते, आणि त्याच दिवशी परभणीत सोमनाथ सूर्यवंशीचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला होता. तो विषयही रस्त्यावरच लढावा लागला.

मग आपला पक्ष कोणता? काहींना वाटतं आता वेगळं लढणं म्हणजे भाजपला मदत. काहींना वाटतं युती म्हणजे गुलामी. आमचं मत असं की दोन्हींचा अनुभव या मातीनेच घेतला आहे. 1998 मध्ये चिमूर लोकसभेतून, खुल्या जागेवरून, प्रा. जोगेंद्र कवाडे खासदार झाले. त्या वेळी प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, रामदास आठवले आणि कवाडे असे चौघं एकाच वेळी लोकसभेत होते. गट एकत्र होते, काँग्रेसशी बोलणी बरोबरीने झाली होती. वर्षभरात सरकार पडलं, ऐक्य विस्कटलं, 1999 मध्ये चिमूर हातून गेलं; पुढे तो मतदारसंघच राहिला नाही. एकत्र येऊन केलेली युती आणि एकेकट्याने जाऊन केलेली युती यातला फरक चिमूरइतका स्पष्ट कुठेच दिसत नाही.

चंद्रपूर महापालिकेच्या 66 जागांत 2017 मध्ये बसपाचे 8 नगरसेवक होते. 2022 पासून तिथे प्रशासक होता, विचारणारं कुणी नव्हतं. रिपब्लिकन गट, वंचित, बसपा यांच्या शहरातल्या कार्यकर्त्यांनी वरच्या आदेशाची वाट न पाहता प्रभागनिहाय एकत्र बसावं, एका प्रभागात एकच निळा उमेदवार द्यावा, आणि युती करायची तर जागा व वनहक्क, वसतिगृह, झुडपी जंगल या मागण्या लेखी ठरवून करावी. महापालिकेची निवडणूक 1 जुलै 2025 च्या मतदार यादीवर झाली. प्रभागनिहाय याद्या आल्या की हरकतींना मोजकेच दिवस मिळतात. राजुऱ्याचं उदाहरण समोर आहे. 16 तारखेला दीक्षाभूमीवर येताना प्रत्येक मंडळाने आपल्या वस्तीची यादी सोबत आणावी, गळालेली आणि वाढलेली नावं तिथेच बसून तपासू.

जय भीम.