खुरपणीचे दुखणे कोणाचे?

आषाढ-श्रावणात भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या भागात कोणत्याही वाटेने जा, तूर-उडदाच्या रानात खुरपणाऱ्या बायकांची रांग दिसते. उकिडवे बसून, एका हाताने गवत धरीत व दुसऱ्याने खुरपे चालवीत त्या दिवसभर पुढे सरकतात. संध्याकाळी कंबर सरळ होत नाही, गुडघे धरतात. घरचे लोक म्हणतात, वय झाले. आमच्या मते हे दुखणे वयाचे नव्हे, अवजाराचे आहे.

पुरुषाच्या वाट्याचे कोळपे बैल ओढतात. माणूस मागून उभा चालतो. बाईचे खुरपे मात्र आजीच्या हाती होते तसेच नातीच्या हाती आहे. बाईची मजुरी स्वस्त, म्हणून तिच्यासाठी नवे अवजार घेण्याची निकड कोणास वाटत नाही. हे कटू आहे, पण खरे आहे.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात मळ्यांतील मजुरांना आखूड दांड्याच्या अवजाराने दिवसभर वाकून तण काढावे लागे. मजुरांचे पुढारी सीझर चावेझ यांनीही तरुणपणी ते हाती धरले होते. दांडा लांब केला तर रोपे तुटतील, खर्च वाढेल, असे मळेवाले म्हणत. डॉक्टरांनी पाठ कायमची निकामी होते अशी साक्ष दिली, आणि १९७५ साली त्या अवजारावर बंदी आली. मळे काही ओस पडले नाहीत.

आपल्याकडे बंदीची वाट पाहावयास नको. सायकल-कोळपे आता पुष्कळांनी पाहिले आहे : पुढे जुन्या सायकलचे चाक, दोन मुठी, मागे पास. उभ्याने ढकलावयाचे. लोहार किंवा वेल्डिंगवाला ते करून देतो. पाऊस उघडून वाफसा आला व गवत दोन-चार पानांवर असले म्हणजे ते चालवावे. ओल्या काळ्या मातीत पास भरून बसते. गवत गुडघ्याएवढे होऊ देऊन मग अवजाराला नावे ठेवणारेही आम्ही पाहिले आहेत! तूर पहिले दीड-दोन महिने सावकाश वाढते. तण तेवढ्यातच तिला दाबते.

खुरपे टाकून द्या, असे आमचे म्हणणे नाही. रोपाच्या बुडाशी तेच हवे. लव्हाळ्याची गाठही त्यानेच उकरावी लागते; वरून कापला तर तो पुन्हा उभा राहतो. पण खुरपे पाजवलेले असावे, बोथट खुरप्याने मनगट जाते. परसातल्या मिरची-वांग्याच्या वाफ्यांसाठी तेच पाते लांब दांड्याला बसवून घ्यावे. गाजरगवत मात्र फुलण्याआधी, जमीन ओली असताना, हाताला फडके गुंडाळून मुळासकट उपटावे, कारण त्याने अंगाला खाज सुटते, पुरळ उठते.

तणनाशक मारून मोकळे व्हा, असा सल्ला दुकानात मिळतो. मिश्र पिकात एकाला चालणारे औषध दुसऱ्याला जाळते, हे तेथे कोणी सांगत नाही.

दोन-तीन घरांनी मिळून पेरणीआधी एक सायकल-कोळपे करून घ्यावे. मुठी कमरेच्या उंचीला याव्यात, आणि ते माप घेताना जी चालविणार तिलाच लोहाराकडे उभी करावी.