कागद कोणाच्या बाजूचा?



अमेरिकेच्या जुन्या कागदांशी आमचा काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध कापसाचा आहे! १८६१ ते १८६५ तिकडे यादवी झाली. तिकडचा कापूस अडला नि इकडे भाव आभाळाला भिडले. सावकाराने सढळ हाताने कर्ज दिले. युद्ध संपले, भाव कोसळला, कर्ज मात्र राहिले. वर सरकारने सारा वाढवला. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात शेतकरी उठला. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, दौंडही त्याच तालुक्यात. वणवा शिरूरपर्यंत गेला. रयतेने जाळले काय? गहाणखते नि वह्या! कागदच गळ्याचा फास झाला होता.

म्हणून आम्ही म्हणतो, कागद वाचा. १७७६ च्या जाहीरनाम्यात सर्व माणसे समान म्हटली, पण लिहिणाऱ्या जेफर्सनच्या घरी गुलाम राबत होते. डिसेंबर १८६० मध्ये दक्षिण कॅरोलिना संघराज्यातून फुटली; कारणे तिनेच छापली, त्यात गुलामगिरी राखण्याची चिंता उघड आहे. १८६५ च्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी गेली. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' ग्रंथ अमेरिकेतील त्याच मुक्तिकार्यासाठी तिथल्या सज्जनांना अर्पण केला. तरी काळ्या माणसाला नागरी हक्कांचा कायदा मिळायला १९६४ साल उजाडले.

संयुक्त महाराष्ट्र मागणाऱ्यांनाही फुटीर म्हणून हिणवले गेले. साफ खोटे! कॅरोलिना संघराज्य सोडून निघाली, ती दुसऱ्याला बेडीत ठेवण्यासाठी. आम्ही भारतातच राहून आमच्या भाषेचा कारभार मागितला. नवे राज्य करण्याची सोय घटनेच्या तिसऱ्या कलमातच आहे. शंभरावर माणसांनी रक्त सांडले, तेव्हा १ मे १९६० उजाडला.

पण राज्य आले म्हणजे हक्क घरी चालत आला असे नव्हे. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकामागून एक थांबले. घरासाठी अर्ज करताना कामगाराला आपण गिरणीत होतो हे कागदाने सिद्ध करावे लागले. ज्याने साच्यावर जन्म काढला, त्याच्यापाशी पगाराची चिठ्ठी उरली नसेल तर?

तेव्हा बाबांनो, तिकीट नंबर, पगारचिठ्ठी, फंडाचा कागद जपून ठेवा. न वाचता अंगठा नको, सही नको. मराठीत नसेल तर मराठीत मागा. आजोबांनी सुप्याला कागद जाळले, ते त्यांना वाचता येत नव्हते म्हणून फसले होते. आपण वाचू, आणि आपल्या बाजूचा कागद लिहवून घेऊ!