नोंद कोणालाही वाचता यावी

२०११ च्या जनगणनेत यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २७,७२,३४८ भरली. हा आकडा संगणकाच्या फाइलमध्ये जपून ठेवायचा आहे. तुम्ही तो कसा लिहाल?

जावा या संगणकभाषेत याच्या दोन रीती आहेत. पहिली मजकुराची. आकडा इंग्रजी अंकांत लिहिला, तर प्रत्येक अंकचिन्हाला एक याप्रमाणे सात बाइट लागतात. दुसरी रीत द्विमान, म्हणजे बायनरी. ‘डेटाआउटपुटस्ट्रीम’ वापरला, की तीच संख्या चार बाइटांत मावते: ०, ४२, ७७, १२४. ताळा करून पाहा. ४२ ला ६५,५३६ ने गुणा, ७७ ला २५६ ने गुणा आणि बेरजेत १२४ मिळवा.

तीन बाइट वाचले खरे. पण ही फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर काय दिसेल? एक चांदणी, इंग्रजी ‘एम’ आणि एक उभी रेघ! आणखी एक गंमत पाहा. जावा मोठ्या स्थानाचा बाइट आधी लिहिते. पण आपल्या नेहमीच्या संगणकावरील सी भाषेतील साधा प्रोग्राम लहान स्थानाचा बाइट आधी धरतो. त्याने हेच चार बाइट वाचले, तर यवतमाळची लोकसंख्या २०८ कोटी ५४ लाख ३१ हजार ८०८ होईल!

छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे किंवा लाखो मोजमापे यांसाठी द्विमान रीतच योग्य, हे मान्य. पण आपल्या कापसाच्या जिल्ह्यात शाळेने रोजचा पाऊस मोजून ठेवला, तर ती नोंद वीस वर्षांनीही कोणालाही वाचता आली पाहिजे. तेव्हा तुमचा प्रोग्राम कोणाजवळ असेलच असे नाही. म्हणून माझे मत असे, की शाळेच्या नोंदी मजकुरातच ठेवाव्यात. तारीख, ठिकाण, आकडा आणि ‘मिलिमीटर’ हे एकक, सारे स्पष्ट लिहावे.

मात्र मजकुरालाही एक पथ्य आहे. ‘यवतमाळ’ या शब्दातील सहा चिन्हे यूटीएफ-८ या संकेतात १८ बाइट घेतात. वाचणाऱ्याने दुसराच संकेत धरला, तर अक्षरांचा नुसता गोंधळ होतो. २०२२ मध्ये आलेल्या १८ व्या आवृत्तीपूर्वी जावा संगणकावर ठरलेला संकेत धरत असे. म्हणून प्रोग्राममध्ये यूटीएफ-८ हे नाव स्पष्ट लिहा.

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करून घ्यावा. एका मुलाने फाइल लिहावी आणि दुसऱ्याने, त्याला काहीही न विचारता, ती वाचून दाखवावी.