बाई, लाईट चालू आहे!

पुण्याच्या रस्त्यावर स्कूटर चालवणाऱ्या बाईला तीन सूचना फुकट मिळतात: ‘स्टँड!’, ‘ओढणी!’ आणि ‘लाईट!’ पहिल्या दोहोंनी कित्येकींची हाडे, क्वचित प्राणही वाचले असतील. तेव्हा रस्त्यात ओरडणाऱ्या त्या अनोळखी माणसाबद्दल मला एरवी आदरच वाटत आला आहे. तिसऱ्या सूचनेने मात्र माझे डोके फिरवले.

२०१८ साली मी नवी स्कूटर घेतली. उजव्या मुठीपाशी जिथे पूर्वी दिव्याचे बटण असायचे, तिथे एक गुळगुळीत झाकण. १ एप्रिल २०१७ पासून तयार होणाऱ्या दुचाक्यांना हे बटण ठेवायचेच नाही, इंजिन सुरू झाले की दिवा आपोआप लागलाच पाहिजे, असा सरकारी नियम झाला होता. (नियमाला मुहूर्तही एक एप्रिलचाच सापडावा!) झोत वर-खाली करण्याचे बटण तेवढे शिल्लक. दिवा घालवायचा तर गाडीच बंद करायची.

हे मला ठाऊक होते. रस्त्याला ठाऊक नव्हते. पाची बोटे मिटायची आणि फुलवायची, ही ‘लाईट चालू आहे’ची सर्वमान्य खूण. रिक्षावाल्यांनी ती केली, स्कूटरवर बापाच्या मागे बसलेल्या शाळकरी पोराने केली. एकदा मोजले. कोथरूड ते कॉलेज, सात किलोमीटर, अकरा माणसे. एका सद्गृहस्थांनी दोन सिग्नल माझा पाठलाग करून बॅटरी उतरण्याचे शास्त्र समजावले. मी त्यांना नियम समजावू लागले, तोवर हिरवा दिवा लागला आणि मागच्या मंडळींनी हॉर्नचा गजर सुरू केला. वर्गात मी फळ्याकडे वळले की मागच्या बाकावरून तीच खूण होते, हे मला हशावरून कळले.

घरीही तेच. सासूबाई म्हणाल्या, “दिवसाउजेडी दिवा लावून हिंडतेस, लोक काय म्हणतील?” आमच्या ह्यांनी तर संध्याकाळी दारात स्वागतच केले, “आज काय दिवे लावलेत?” देवघरात जी पुण्याची गोष्ट, तीच निकालाच्या दिवशी शिवी कशी होते, हे मी दरवर्षी मुलांना शिकवते, पण आपल्यावर आल्याशिवाय वाक्प्रचार पुरता कळत नाही.

शेवटी कोपऱ्यावरच्या गॅरेजात गेले. मिस्त्रीने तक्रार पुरती ऐकूनही घेतली नाही. “बटण टाकायचं ना मॅडम? रोज दोन-तीन टाकतो.” हँडलावरचे कव्हर काढले, दिव्याकडे जाणारी वायर शोधून कापली, तिची दोन टोके जुन्या मॉडेलच्या बटणाला जोडली, वर काळी टेप गुंडाळली आणि ते बटण झाकणाच्या जागी चपखल बसवले. पंधरा मिनिटे, दीडशे रुपये. “वॉरंटी गेली तर मला बोलू नका,” एवढेच तो म्हणाला.

त्या दिवशी मी दिवा मालवला. विझवला म्हणायला आपली जीभ रेटत नाही, म्हणून मालवला. आणि रस्ता शांत झाला.

पटवून द्यायला माझ्याकडे मुद्देही होते. स्वीडनमध्ये १९७७ पासून दिवसाही दिवे लावून गाड्या चालवतात, युरोपात २०११ पासून नव्या मोटारींना दिवसाचे वेगळे दिवे आले. पण तिकडे हिवाळ्यात सूर्य दिसण्याची मारामार! आपल्याकडे वैशाखात पस्तीस वॅटचा बल्ब लावून उजेड तो कोणाला दाखवायचा? स्टाफरूममध्ये हा मुद्दा फार गाजला.

पुढल्या वर्षीचा जुलै. दुपारचे साडेचार. कॉलेजातून निघाले आणि कर्वे रस्त्यावर सर कोसळली. आभाळ असे भरले की दुकानांतून दिवे लागले. माझा नाही लागला. हात बटणाकडे जातो तो दिवेलागणीला, घड्याळाच्या सवयीने. ढग पाहून जात नाही. गाडी करडी, रेनकोट करडा. पदपथाच्या कडेला छत्री घेतलेले एक वृद्ध गृहस्थ उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्यांनी पाहिले हे मी पाहिले, म्हणूनच मी वेग कमी केला नाही.

आणि ते रस्त्यात उतरले.

ब्रेक दाबला, चाक सरकले. मी गुडघ्यावर पडले, ते हातावर. क्षणात माणसे जमली, आणि सगळी माझ्या बाजूची! “आजोबा, बघून चालायला नको का?” “बाईंची काही चूक नाही, आम्ही पाहिलंय.” गृहस्थ कडेला मनगट धरून बसले होते. ते एवढेच म्हणत राहिले, “मी बघितलं होतं हो. रस्ता मोकळा होता.” कोणीतरी हसले.

दुचाकी समोरून हातभर रुंद दिसते. पावसात, करड्या रस्त्यावर, तीही दिसत नाही. तो दिवा मला रस्ता दिसावा म्हणून नव्हताच. रस्त्याला मी दिसावे म्हणून होता. हे मला तिथे, चिखलात बसल्या बसल्या समजले. इंजिन बंद पडले होते, त्यामुळे आधी दिवा होता की नव्हता हे कोणाला सांगता येणार नव्हते. गाडी उभी करताना माझ्या अंगठ्याने ते बटण हळूच चालू केले. कोणी पाहिले नाही.

त्यांना दवाखान्यात नेले. उजवे मनगट मोडले होते. सहा आठवडे प्लास्टर. पैसे मी भरले. धावत आलेल्या मुलीने माझे हात हातात घेतले. “तुमच्यासारखी माणसं कुठे भेटतात हो!” मी गप्प.

आठवड्याने मोसंबी घेऊन भेटायला गेले. काकांनी चाळीस वर्षे छापखान्यात मुद्रिते तपासली होती, हे तेव्हा कळले. ते खिडकीशी बसून होते. मुलगी स्वयंपाकघराच्या दारातून सांगत होती, “डोळे तपासून आणले. डॉक्टर म्हणतात, ठीक आहेत. पण एवढी गाडी दिसली नाही म्हणजे काय? आता एकटं नाही सोडत त्यांना. वाचनालयसुद्धा बंद केलं.” काका काही बोलले नाहीत. चष्मा काढून तो डाव्या हाताने धोतराच्या टोकाला पुसत राहिले. पुसून झालेला चष्मा पुन्हा पुसू लागले.

ती आत गेल्यावर मी म्हटले, “काका, माझा लाईट बंद होता. तो आपोआप लागायचा. मी वायर कापून बटण बसवून घेतलं होतं. आणि नंतर ते चालू केलं, कोणाला कळू नये म्हणून.”

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे बराच वेळ पाहिले. रागावतील म्हणून मी वाट पाहत होते. ते आतल्या खोलीकडे तोंड करून केवढ्यांदा तरी ओरडले, “अगं, ऐकलंस का? मी बघितलं होतं!”

त्या दिवशी मला चहा मिळाला नाही. तो मिळायलाही नको होता.

मिस्त्रीला मात्र नवल वाटले. “काढायचं? लोक घालायला येतात.” त्याने वायर पुन्हा जोडली, टेप गुंडाळली, झाकण बसवले आणि बटण माझ्या तळहातावर ठेवले. ह्या खेपेला पैसे घेतले नाहीत.

आता रस्त्यावर बहुतेक गाड्या आपोआप दिवा लागणाऱ्याच, त्यामुळे हातवारे पुष्कळ कमी झालेत. तरी परवा नळस्टॉपला, भर उन्हात, जुन्या स्कूटरवरच्या एका गृहस्थांनी पाची बोटे फुलवून दाखवली. मी मान हलवून “आभारी आहे” म्हटले. पुढच्या सिग्नलला त्यांनी पुन्हा खूण केली.