मुलं असून?



आमच्या जव्हारमध्ये जुन्या माणसांना कॉटेज म्हटलं की दवाखाना आठवतो. पतंगशाह कुटीर रुग्णालय, म्हणजे कॉटेज हॉस्पिटल. "कॉटेजला नेलं" असं कानावर आलं की पुढचा प्रश्न "काय झालं?" हाच. त्यामुळे मागच्या महिन्यात देरासरच्या पायरीवर मी "आम्ही कॉटेज घेतली" म्हणाले, तेव्हा दोघीतिघींचे चेहरे उतरले. ज्येष्ठांच्या वसाहतीतली, पुण्याच्या बाजूची, असा खुलासा केल्यावर तर आणखीच उतरले. "मुलं असून?" एवढे दोनच शब्द एकीने उच्चारले, आणि बाकीच्या चपला शोधायला लागल्या.

हो, मुलं असून. एक मुलगा बोरिवलीत दोन खोल्यांत चौघांचा संसार करतो. सून सकाळी सातची लोकल पकडते. तिच्या त्या दोन खोल्यांत आम्ही जाऊन बसलो म्हणजे आमची इज्जत राहील, आणि तिच्या पोराचा अभ्यास गॅलरीत होईल. मुलगी वापीला, तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. यात कोणाचं वाईट वागणं मला दिसत नाही. तरी समाजात गोष्ट फिरते ती एकच: सुनेने काढलं असणार. माझ्या सुनेला ऐकवण्याआधी मला विचारा. कागदांवर पहिली सही माझी आहे.

मला गंमत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. साधू-साध्वी चातुर्मास सोडला तर एका जागी राहत नाहीत, आणि आपण त्यांच्यापुढे वाकतो. घर सोडणं ही आपल्याकडे सगळ्यात मोठी गोष्ट. पण सहासष्ट वर्षांची बाई चाळीस वर्षांचं स्वयंपाकघर सोडून दोन खोल्यांत जाते म्हटलं की ती बदनामी! मी काही त्याग करत नाही, माझ्या जाण्याला उगाच धर्माची झूल घालणार नाही. ही सोय आहे. पण सोय शोधणं हे पाप कधीपासून झालं?

आता खरं कारण सांगते. गेल्या जुलैत रात्री अकराला यांच्या छातीत दुखायला लागलं. इथला पाऊस तुम्हाला माहीत आहे. वीज गेलेली, फोनला रेंज येते-जाते. इथल्या डॉक्टरांनी पहिले उपचार झटपट केले, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण अँजिओग्राफीला नाशिक गाठायचं होतं. मोखाडा, तोरंगण घाट, त्र्यंबक, मग नाशिक. ऐंशी किलोमीटरच्या आसपास, धुक्यात, अँब्युलन्सचा वायपर धड चालत नाही, आणि मी एका हाताने यांचा हात आणि दुसऱ्या हाताने दांडा धरून नवकार म्हणतेय. मुलगा बोरिवलीहून निघाला तो पहाटे पोहोचला. त्याची काय चूक? बोरिवली जिथे आहे तिथेच आहे.

आणि याच जव्हारमध्ये मुंबईची आमच्या वयाची माणसं कॉटेज शोधत येतात! परवा माझ्या मावसबहिणीने मुलुंडहून मला एक माहितीपत्रक पाठवलं. जव्हारचं ठाण्याचं महाबळेश्वर, दाभोसा धबधबा, सनसेट पॉइंट, निवृत्तांसाठी निसर्गरम्य कॉटेज. "तू तिथे आहेसच, आम्हीही येतो," असा निरोप. मी तिला लगेच फोन केला. म्हटलं, सूर्यास्त बघायला दोन दिवस ये, चौविहार करून आपण दोघी पॉइंटवर बसू. म्हातारपण घालवायला नको.

पहिलं, जमीन कोणाची ते बघ. जव्हार-मोखाड्यात बहुतेक जमीन आदिवासींची. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे ती जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगरआदिवासीला विकता येत नाही. "ते आम्ही बघून घेतो" म्हणणारा विक्रेता उद्या फोन उचलणार नाही, आणि ज्या माणसाची ती जमीन होती तो तुझ्याच कुंपणाबाहेर मजुरीला उभा असेल. हे तुला चालेल का, तेही मनाला विचार. दुसरं, पाणी. मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यात कोचाळ्याला आहे. २०१४ पासून त्याचं पाणी मुंबईला जातं. मुलुंडला बसून तू ते पाणी पितेस. इथे मात्र एप्रिल-मेमध्ये पाड्यांवरच्या बाया टँकरची वाट बघत हंडे मांडून बसतात. मुंबईत तेच पाणी पिऊन वर इथे बोअर मारून बाग फुलवायला येणं मला पटत नाही. तिसरं मघाशीच सांगितलं, तोरंगण घाट.

बहीण रागावली. म्हणाली, स्वतः जातेस आणि मला अडवतेस. तर बायांनो, हाच फरक मला सांगायचा आहे. म्हातारपणाचं घर खिडकीतून काय दिसतं ते बघून निवडत नाहीत. न्हाणीघर बघून निवडतात.

मी बी.कॉम. आहे, दुकानाच्या वह्या पस्तीस वर्षं मी लिहिल्या, तरी ही कागदपत्रं वाचायला मला चार दिवस लागले. नेरळची डिग्निटी, पुण्याची अथश्री ही नावं तुम्ही ऐकली असतील. अशा वसाहती आता आपल्या राज्यात नवीन नाहीत. पण प्रत्येकीचा हिशेब वेगळा. कुठे घर मालकीचं, कुठे नुसती अनामत देऊन राहण्याचा हक्क. दोघांपैकी एक गेला तर दुसऱ्याला राहता येतं का? दोघंही गेल्यावर अनामत किती दिवसांत परत, किती कापून? महिन्याचा खर्च दरवर्षी किती वाढतो? आणि सगळ्यात मोठा प्रश्न, जो विचारायला आपल्याला लाज वाटते: स्वतःची अंघोळ स्वतः करता येईनाशी झाली की काय? 'इंडिपेंडंट लिव्हिंग' हा शब्द दिसायला गोड आहे. त्याचा अर्थ इतकाच की तोवर तुमचं तुम्ही बघा. पुढची व्यवस्था त्याच आवारात आहे की "मुलाला बोलवा" असं सांगणार, हे लेखी घ्या. एका ठिकाणी आम्हाला याचं उत्तर चहाबरोबर हसून दिलं गेलं. आम्ही चहा पिऊन निघालो.

महारेराने २०२४ साली ज्येष्ठांच्या घरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. चाकाची खुर्ची जाईल असं दार, न घसरणारी फरशी, न्हाणीत धरायला दांडा, असं बरंच त्यात आहे. ती यादी हातात घेऊन मी घर बघितलं. हे संकोचाने बाहेर उभे राहिले, मी दांडा हलवून बघितला.

आणखी एक. जायच्या आधी अपराधी वाटून राहतं घर मुलाच्या नावे करून देऊ नका. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ आहे, सांभाळाच्या अटीवर दिलेली मिळकत सांभाळ झाला नाही तर परत मिळवता येते. पण ती अट बक्षीसपत्रात लिहिलेली असावी. अट न लिहिता प्रेमाने दिलेल्या घरासाठी पुढे वकील करायची वेळ येते. आमच्या मुलाला मी हे त्याच्यासमोरच सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, "आई, लिहून घे."

जेवणाचं विचारणाऱ्यांना उत्तर: कॉटेजला स्वतःचा ओटा आहे. दुपारचं सामाईक जेवणघरात, कांदा-लसूण-बटाटा नको असं सांगून ठेवलंय. जमलं तर ठीक, नाहीतर तवा माझा आहेच. सूर्यास्ताआधीचं मी घरीच करणार. देरासर रिक्षाने वीस मिनिटांवर, हे मात्र मला बोचतं. इथे पायरी घरापासून शंभर पावलांवर होती. रोजचं दर्शन आठवड्यावर येईल, त्याची भरपाई काय करायची ते अजून सुचलेलं नाही.

पर्युषण इथेच करून आम्ही निघतो. स्टीलचे डबे, पितळी पातेली, चिनी मातीच्या बरण्या काढून ठेवल्यात. कोणाला हव्या असतील त्यांनी संवत्सरीच्या आधी येऊन घेऊन जाव्यात. लोणच्याची मोठी बरणी फक्त मागू नका, ती माझ्याबरोबर येते आहे.