हासळीचे दुखणे आणि सीमाभागातील आखाडे

बेळगाव, चिकोडी, निपाणी हा मुलूख पैलवानांचा. यात्रांच्या हंगामात गावोगावी मैदाने भरतात आणि पंधरा-सोळा वर्षांची पोरे लाल मातीत उतरतात. खांद्यावर आपटलेला मुलगा कण्हत उठला की वस्ताद पाठ थोपटतो, ‘हासळी दुखावली, महिन्याभरात सांधेल’ म्हणतो. बहुधा ते खरेही ठरते. गळ्याखालचे हे आडवे हाड मधोमध मोडले, तर हात झोळीत ठेवल्याने बहुतेक वेळा जुळून येते. नेमका हा अनुभवच घात करतो.

हासळी छातीकडील टोकाशी मोडण्याचे प्रकार शंभरात दोन-तीनच. परंतु ते टोक मागे सरकले, तर त्याच्या पाठीशी श्वासनलिका, अन्ननलिका आणि मोठ्या रक्तवाहिन्या आहेत. गर्भावस्थेत सर्वांत आधी अस्थिरूप घेऊ लागणारे हे हाड. पण त्याचे हे टोक पूर्ण जोडले जाते ते तेविसाव्या ते पंचविसाव्या वर्षी. तोवर तेथील वाढीचा कूर्चामय थर दुबळाच असतो. कुस्तीत कुशीवर पडलेल्या मल्लावर प्रतिस्पर्ध्याचे वजन आले, कबड्डीत चढाई करणाऱ्यावर चार गडी कोसळले, की प्रौढाचा सांधा निखळेल तेथे पोराचा हा थर फाटतो. बाहेरून दिसावा तो खळगा सुजेत झाकला जातो. साधा क्ष-किरण फोटोही अनेकदा चकवतो. निदान पक्के होते ते सीटी स्कॅनने. गिळताना त्रास, बसलेला आवाज, धाप, सुजून निळसर पडलेला हात, यांपैकी काहीही दिसले तर घटकाही दवडू नये. अशा वेळी हाडवैद्याने हात ओढून सांधा ‘बसविणे’ हा जिवाशी खेळ होय. ते काम शस्त्रक्रियागृहात, छातीचा शल्यविशारद हाताशी ठेवूनच करावयाचे. आणि दोन दिवस उलटले की हाड जागी आणणे अवघड होत जाते.

मग निपाणीच्या मुलाला न्यावयाचे कोठे? कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर, बेळगाव सुमारे ७५. जवळच्या वाटेवर राज्याची सीमा आडवी येते. २०२३ साली महाराष्ट्राने ८६५ सीमावर्ती गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करण्याचे ठरविले, तर कर्नाटकाने हरकत घेतली. सीमाप्रश्नाचा दावा २००४ साली सर्वोच्च न्यायालयात गेला. तो प्रश्न आम्हांसही जिव्हाळ्याचा आहे. म्हणून श्वास कोंडलेल्या पोराच्या उशाशी दोन सरकारांनी खर्चावरून भांडावे काय?

२०१८ साली कोल्हापूर जिल्ह्यातील एका मैदानात मानेस इजा होऊन तरुण मल्ल दगावला. मानेचे भय लोकांना कळते, हासळीचे कळत नाही. यात्रा कमिट्यांना लाखाचे इनाम आणि चांदीची गदा परवडते. एक डॉक्टर व रुग्णवाहिका तेवढी महाग पडते! घाटाखाली आमच्याकडेही कबड्डीचे गडी तेच वय आणि तेच हाड घेऊन खेळतात, हे येथील शाळांनीही ध्यानी घ्यावे. सीटी स्कॅनची सोय असलेल्या जवळच्या इस्पितळाचा दूरध्वनी क्रमांक संयोजकांनी आधीच लिहून ठेवावा, आणि हासळीच्या आतल्या टोकाशी कळ सांगणाऱ्या मुलाला पंचांनी त्या दिवशी पुन्हा मातीत उतरू देऊ नये.