डिजिटल केलं, पण जपलं का?

बंद पडलेल्या हार्ड डिस्क आणि पेन ड्राइव्हमधला डेटा परत मिळवणं हा माझा पुण्यातला व्यवसाय. लग्नाचे फोटो तर येतातच. पण एखाद्या वाचनालयाने स्कॅन केलेल्या पोथ्या, हौशी नाट्यसंस्थेची जुनी ध्वनिमुद्रणं, कुणा अभ्यासकाची आयुष्यभराची टिपणंही माझ्या टेबलावर येतात. ‘दुसरी प्रत कुठे आहे?’ असं विचारलं की समोरचा माणूस गप्प होतो. एकदा डिजिटल केलं की काम संपलं, ही समजूत आपला मोठा ठेवा बुडवते आहे.

हार्ड डिस्कमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा काचेच्या चकत्या असतात आणि त्यांवर चुंबकीय थर. थरातल्या सूक्ष्म ठिपक्यांच्या चुंबकत्वाची दिशा म्हणजे आपला डेटा. घरच्या संगणकातली चकती मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते आणि वाचणारं हेड तिच्यापासून जेमतेम काही नॅनोमीटरवर तरंगतं. चालू डिस्क पडली की हेड चकतीवर घासतं. जो थर खरवडला गेला, त्यावरचा मजकूर कुणालाही परत आणता येत नाही. डिस्क टकटक वाजू लागली की ती ताबडतोब बंद करावी; पुन्हा पुन्हा चालू करून पाहिलं की उरलंसुरलंही जातं.

पेन ड्राइव्ह आणि एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, म्हणून लोक त्यांच्यावर निर्धास्त विसंबतात. त्यांतली फ्लॅश मेमरी तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात शोधली. तिच्या सूक्ष्म पेशींमध्ये इलेक्ट्रॉन कोंडलेले असतात. एका पेशीत तीन बिट बसवायचे तर विद्युतभाराच्या आठ पातळ्या अचूक ओळखाव्या लागतात. हा भार हळूहळू झिरपतो. उष्णतेत आणि वापरून झिजलेल्या पेशींत अधिक वेगाने. घरगुती एसएसडी लिहिण्याच्या मर्यादेपर्यंत वापरून झाली असेल, तर विजेविना ३० अंशांवर तिने वर्षभर डेटा धरावा, एवढीच उद्योगाच्या मानकाची अपेक्षा आहे. नवी एसएसडी याहून बरीच जास्त टिकते, हे खरं. पण विदर्भातल्या मे महिन्यात बंद कपाटात पडलेल्या ड्राइव्हचा विचार करा.

म्हणून महत्त्वाच्या मजकुराच्या तीन प्रती हव्यात: दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी किंवा क्लाउडवर. शिवाय वर्षातून एकदा प्रत्येक प्रत उघडून तपासायला हवी आणि साधन जुनं झालं की मजकूर नव्यावर न्यायला हवा.

घरी हे आपण करू शकतो. छोट्या संस्थांना त्यासाठी पैसा आणि जबाबदार माणूस लागतो. स्कॅनिंगसाठी अनुदान आणि देणग्या मिळतात, जपणुकीसाठी मात्र कुणी विचारत नाही. निधी देणाऱ्यांनी प्रत्येक प्रस्तावात पुढच्या दहा वर्षांच्या देखभालीचा खर्च आणि ती करणाऱ्याचं नाव मागावं. ते नसेल, तर प्रस्ताव परत पाठवावा.